तोंडी काही नाही

पलंगाच्या पायथ्याशी मी पाटी अडकवली:
तोंडी काही नाही.
इलियास, वय सात, धारूरहून आलेला,
उजव्या फुप्फुसाच्या वाटेत सीताफळाची एक बी,
दहा दिवसांपासून.
छातीला नळी लावली की आत कुणीतरी
दाराच्या फटीतून शीळ घालतं.

अब्बा वेल्डर. काळा गॉगल कपाळावरच राहिलेला.
अम्मी विचारते, पानी भी नक्को?
पाणीपण नको, बाई.
शेजारच्या पलंगावर कुणी भाकरी मोडतं,
लसणाच्या चटणीचा डबा उघडतं
आणि अंबाजोगाईचा अख्खा वॉर्ड भुकेला होतो.
मी पडदा ओढते.
वासाला पडदा नसतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही म्हणायचे,
मुंगी चावल्यासारखं, बाळा, कळणारसुद्धा नाही.
गेवराईची एक मुलगी होती, नाव गेलं डोक्यातून,
सुई निघाल्यावर तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.
रडली नाही.
पुढचे चार दिवस भिंतीकडे तोंड करून
माझ्या हातचं औषध तेवढं नाकारलं.
तेव्हापासून मुंग्या बंद.

इलियासला सांगितलं: सुई आहे. दुखेल.
तू दहा मोजशील तेवढंच. कदाचित बारा.
ओरड पाहिजे तेवढा, पण हा हात हलवू नको,
हा हात आत्ता माझा.
तो ओरडला, पार अपघात विभागापर्यंत,
ओरडतच मोजत राहिला,
आठ दोनदा आला, नऊ आलाच नाही,
हात हलला नाही.

मग मास्क त्याच्याच हातात दिला. बघ,
सायकलच्या ट्यूबसारखा वास येतो.
त्यानं तो आधी माझ्या नाकाला लावला.
मी मान टाकली, घोरले.
हसला, हसताना खोकला,
आणि खोकला बसल्यावर कानाशी येऊन:
सिस्टर, दादी दो बिस्कुट दी मेरेकू.
अब्बा को नक्को बोलना.
कधी रे?
कचरागाडी का गाना लगा ना, तब.

म्हणजे आठ.
आत टेबल मांडून तयार, दुर्बीण हिरव्या कापडावर.
भुलीच्या मॅडमनी हातमोजे ओरबाडून काढले,
तुमच्या वॉर्डात लक्ष कोण ठेवतं, गायसमुद्रे?
चुकलं, म्हणाले.
गुंगीत वर आलेली दोन बिस्किटं
चांगल्या फुप्फुसात उतरली असती,
हे त्यांना माहीत होतं, मलाही.
जिन्यात दादी पदराची गाठ सोडत होती, बांधत होती,
गाठीत पुड्याचा कागद.
तिला काही बोलवलं नाही मला.

तीनला पुन्हा ट्रॉली.
फरशीवरच्या लाल पट्टीपर्यंत अम्मी,
पट्टीनंतर मी.
ये दुखता?
नाही. उठल्यावर घसा दुखेल.
त्यानं ते पाढ्यासारखं ऐकून घेतलं.
माझी करंगळी धरलेली मूठ
घट्ट, मग सैल,
मग नुसती ठेवल्यासारखी.

सत्त्याण्णव. एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी.
यंत्राचा सूर पायरी पायरी खाली जातो
तेव्हा कुणी कुणाकडे बघत नाही.
चिमटा आत. बाहेर. रिकामा. आत.
थांबा, म्हणाल्या मॅडम, श्वास देऊ द्या आधी,
आणि सूर परत चढेपर्यंत
मी माझाच श्वास मोजत होते, नऊ सोडून.

मग स्टीलच्या वाटीत टक्.
एवढीशी. काळी, चकचकीत,
आत्ता कुणी चोखून थुंकल्यासारखी.

कुशीवर वळवलेला. अंगावर दोन ब्लँकेट, तरी थरथर.
ओल्या कापसानं ओठ टिपले.
डोळा उघडला, बोट गळ्याशी गेलं,
आणि माझ्याकडे बघून मान डोलावली त्यानं:
बरोबर.

सातला पाटी काढली.
एक चमचा पाणी. थांबून, दुसरा.
दादी उंबऱ्यातच उभी,
पदराच्या गाठीकडे बघते, माझ्याकडे बघते.
उद्या सकाळी, म्हणाले.
दोन.